दसऱ्याची भरमार

(दसऱ्याची संध्याकाळ. सानगडीजवळच्या एका खेड्यातली ओसरी. घनश्याम, त्याची बायको शकुनबाई आणि खाटेवर बसलेला म्हातारा बाप टिकाराम, म्हणजे शकुनबाईचे सासरे, 'मामाजी'. भिंतीला नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची भरमार बंदूक टेकवलेली, नळीला झेंडूची माळ.)

घनश्याम : कोनाडा पाह्यला, पेटी पाह्यली, कोठीवर हात फिरवला. बार पेटवाच्या टोप्यांची डबी कुठंच नाई. तू ठेवली का वो कुठं?

शकुनबाई : असन इकडे तिकडे. सणाचा दिवस आहे, पहिले दोन घास खाऊन घ्या.

घनश्याम : मी घास खात बसलो तं डुकरं धानाची बांधी खाऊन जातीन. परवा बोडीखालच्या बांधीत शिरली. खाल्लं थोडं, लोळून नासवलं जास्त. हलका धान आहे, लोंब भरली आहे. आज मचाणावर नाई बसलो तं कापाले नुसती तणस राहीन.

टिकाराम : डबी हरवली म्हणते का? आज गावभर सोनं म्हणून आपट्याची पानं वाटून राहिले. त्यापेक्षा त्या टोप्या एकेक वाटल्या असत्या तं बंदूकवाल्यांनी आपले पाय धरले असते.

घनश्याम : मले नका सांगू बाबा, भंडाऱ्याले मीच गेलो होतो. दुकानदारानं लायसन उलटून पाह्यलं, मंग मले उलटून पाहाचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणते, टोप्या वरून आल्याच नाई, छर्रे घेऊन जा. म्या म्हटलं, छर्रे काय डुकराच्या अंगावर अक्षता टाकल्यासारखे टाकू?

टिकाराम : मंग दिल्या ना पण?

घनश्याम : बुडाशी होत्या तेवढ्या दिल्या. अन् बारूद छटाकभर. भाव इचारला तं म्हणते, घ्याची असन तं इचारा.

टिकाराम : म्हणून सांगत असतो. एक बार उडाला का घरातल्या एका माणसाचं दोन येळचं जेवण उडालं समज. त्यानं डुक्कर पडलं तं ठीक, नाई पडलं तं डुकराचं पोट भरलेलं अन् आपलं उडालेलं.

शकुनबाई : मामाजीले इचारा, म्हणून का बारुदीचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता?

टिकाराम : पावसाळ्यात सर्दावते ते. सूनबाईले सांग, सर्दावलेली बारूद अन् रुसलेला जावई, दोन्ही कामाच्या येळेस उठत नाई.

शकुनबाई : अख्खा श्रावण मी त्या डब्याखाली भात शिजवला. बाजूनं ठिणगी जाते, खालतून वाफ. मले वाटे डब्यात हिंग आहे.

घनश्याम : ते झालं वो. आता डबा देवखोलीत आहे ना? मंग झालं तं. टोप्या दे.

शकुनबाई : आज नका जाऊ.

घनश्याम : कायले?

शकुनबाई : नका जाऊ म्हटलं ना.

घनश्याम : म्हणजे डबी तुह्यापाशीच आहे.

टिकाराम : कमरेले खोसली आहे. मघापासून बाई सरळ उभी नाई राहून राहिली.

घनश्याम : बाबा, तुमाले दिसलं तं सांगितलं काहून नाई?

टिकाराम : नवरा-बायकोच्या मधात मी कशाले पडू? सात टोप्या आहेत. तिच्यापाशी आहेत तोवर खर्चाच्या नाई, एवढं मले पुरते.

घनश्याम : शकुन, काय झालं ते सांग. उगीच भेव घालू नको.

शकुनबाई : पहिले मामाजीले इचारा, नळीच्या तोंडात चिंधी असली तं त्याचा अर्थ काय?

टिकाराम : त्यात काय इचाराचं? चिंधी आहे म्हणजे भरलेली आहे. रात्री जनावर टप्प्यात आलं नाई तं भरलेली बंदूक कोणी रिकामी करत नाई. टोपी तेवढी काढाची, तोंडात चिंधी कोंबाची, दुसऱ्या रात्री तोच बार कामी येते. माह्या बापानं हा नेम घातला, म्हणून घरात बारूद पुरते.

शकुनबाई : अन् चिंधी नसली तं?

टिकाराम : तं रिकामी. ढोरालेबी समजन.

शकुनबाई : मंग ऐका. सकाळी पूजेसाठी बंदूक म्या पुसली. चिंधी तेलानं काळी झाली होती. देवापुढं तशी कशी ठेवाची म्हणून काढली अन् चुलीत टाकली. नळी पुसली, कुंकू लावलं, माळ घातली. तुमचा तो नेम मले कोणं सांगितला होता?

घनश्याम : अरे, एवढंच ना? काल मीच भरली होती. डुक्कर बांधीच्या धुऱ्यापलीकडूनच गेलं, टोपी काढून तशीच घरी आणली. चिंधी असो नसो, मले माहीत आहे ना भरलेली आहे.

शकुनबाई : तुमाले माहीत आहे. घरात अजून कोणाले माहीत होतं?

घनश्याम : अजून कोण हात लावते तिले?

शकुनबाई : बारुदीचा डबाबी म्या पूजेत मांडला होता. झाकणावर कुंकवाचं बोट लावलं होतं. दुपारी तुमी सानगडीले रॉकेल आणाले गेले, तवा पाह्यलं तं कुंकू फिसकटलेलं. झाकणावर अंगठा उमटलेला.

घनश्याम : मांजर फिरते देवखोलीत.

शकुनबाई : मांजराले अंगठा असते का?

टिकाराम : घनश्या, तुही बायको पोलिसात पाह्यजे होती.

शकुनबाई : दुपारी जेवतानी... जाऊ द्या. मोठ्या माणसाचं म्या कसं सांगू?

घनश्याम : सांग.

शकुनबाई : मामाजीनं वरणात बोटं घातली तं वरण काळं झालं.

टिकाराम : तेल दिलं मी बंदुकीच्या घोड्याले. गंजून राहिला होता, ठोका कच्चा पडते. तेल द्याचीबी मनाई आहे का आता? बारुदीले हात लावाची मनाई केली, ते मी पाळून राहिलो. लायसन माह्या नावाचं, बंदूक माह्या बापाची, अन् मनाई माह्याच हाताले. गावात सांगतो मी हे, लोकं हसते.

घनश्याम : मनाई कायले केली तेबी सांगत जा गावाले. तोंडात बिडी अन् मांडीवर बारुदीचा डबा. मी येळेवर नसतो आलो तं छपराचे कवेलू तलावाच्या पलीकडं जाऊन वेचा लागले असते.

टिकाराम : बिडी विझली होती.

घनश्याम : धूर निघत होता.

टिकाराम : तो माह्या तोंडातून. बिडीतून नाई.

घनश्याम : अन् हात थरथरते ते? अर्धं माप भुईवर, अर्धं नळीत. बरं, भांडण नको. ठासाचा गज टाकून पाहू, नळीच सांगन किती आहे ते. इकडे दे तो गज. हं. गेला. बाबा, भरलेली असली तं गज किती बाहेर राहाले पाह्यजे?

टिकाराम : लोखंडाचा होता तवा चार बोटं.

घनश्याम : हा तं वीतभर वर आहे.

टिकाराम : हा बांबूचा आहे लेका. आणीबाणीत बंदूक ठाण्यात जमा केली, परत आली तवा संगं गज नव्हता. सुताराले म्हटलं, नळीएवढा कर. त्यानं आपल्या मनाएवढा केला. त्याच्या लांबीचा मले जाब नको इचारू.

घनश्याम : कालबी हाच गज होता. पण काल अंधारात ठासली, किती वर राह्यला ते पाह्यलंच नाई म्या. तुमी तं हातानं सांगू शकता. ठासून पाहा, एका बाराचं आहे का दोनाचं.

टिकाराम : हाताले मनाई आहे माह्या.

शकुनबाई : कोंढ्याच्या माह्या सोमाजीमामाचं मामाजीले माहीत आहे ना?

टिकाराम : माहीत आहे. आता काढू नको ते.

शकुनबाई : त्यायच्या घरीबी असंच झालं. भावानं भरली, मामानं पुन्हा भरली, दोघंबी बोलले नाई, अन् दोन बारानं नळी हातातच फाटली. लहानपणी मी त्यायच्या ताटात भात वाढाची. उजव्या हातानं जेवे, अन् डावा मनगटापासून धोतरात लपवून ठेवे. बिडी पेटवाची असली का मले हाक मारे. म्हणे, पोरी, काडी ओढून दे, एका हातानं पेटी धरता येत नाई. म्या कितीदा ओढून दिली. तुमी नळी कोणत्या हातात धरता?

घनश्याम : डाव्या.

शकुनबाई : सारेच डाव्यात धरते.

घनश्याम : मंग काय करू म्हणते? झाडाले बांधून दुरून दोरीनं उडवून पाहू का?

टिकाराम : अन् फाटली तं? नवी भरमार कोण देते आता? लायसनवर हीच लिहिली आहे. ही गेली का लायसन म्हणजे चुलीत घालाचा कागद.

घनश्याम : तं पाणी ओततो. नळीत पाणी गेलं का बारूद मेली. उद्या दिवसा पेचानं उकरून काढू.

टिकाराम : बारुदीत पाणी? दसऱ्याच्या दिवशी, पूजेतल्या हत्यारात? छटाकभरातली राह्यली किती, अन् त्यातली तू बोडीच्या पाण्यात टाकल्यासारखी टाकशीन? कशासाठी? तं कुंकू फिसकटलं म्हणून. एका बाईले झाकणावर अंगठा दिसला म्हणून.

घनश्याम : मंग तुमीच सांगा. मले झाकण नको, वरण नको, गज नको. तुमचा शब्द पाह्यजे. दुपारी बंदूक भरली का तुमी?

टिकाराम : बापाची जबानी घेऊन राहिला का?

घनश्याम : हो नाई तं नाई म्हणा. हो म्हटलं तं मी काई बोलणार नाई. देवाशपथ बोलणार नाई.

टिकाराम : आज बोलणार नाई. उद्या जेवतानी बोलशीन. परवा सोमाजी आला का त्याच्यापुढं बोलशीन.

घनश्याम : बाबा.

टिकाराम : नाई भरली.

घनश्याम : ऐकलं ना? बाप नाई म्हणते. आता डबी दे.

शकुनबाई : तुमी इश्वास ठेवता?

घनश्याम : बाप आहे तो. त्याच्यावर नाई तं मांजराच्या अंगठ्यावर ठेवू का? अंधार पडून राहिला. दे.

शकुनबाई : घ्या. माह्या हातानं देऊन राहिली, हे ध्यानात ठेवा. मामाजीलेबी सांगा ध्यानात ठेवाले.

घनश्याम : झेंडूची माळ काढ तिची. घोंगडी कुठं आहे? कंदील राहू दे, उजेड पाहून डुकरं येत नाई. चाललो बाबा.

टिकाराम : घनश्या.

घनश्याम : काय?

टिकाराम : टोपी कवा लावशीन?

घनश्याम : जनावर समोर आल्यावर. तुमीच शिकवलं.

टिकाराम : हं. गाल नको लावू दांड्याले.

घनश्याम : गाल नाई लावला तं नेम कसा धरू?

टिकाराम : नेम कायले पाह्यजे. नुसता आवाज कर. नाईतं बारबी नको, रिकामा पिंपा वाजव. डुकराले पिंप्याचाबी धाक असते.

घनश्याम : पिंपा? मागच्या साली म्या पिंपा वाजवतो म्हटलं तवा तुमीच म्हणाले, बंदूक असलेल्या घरानं पिंपा वाजवला तं डुकरं हसते.

टिकाराम : तवाची डुकरं येगळी होती.

घनश्याम : येळ घालवू नका. काई सांगाचं असन तं सांगा, नाई तं मी निघालो.

टिकाराम : माहा बाप म्हणे, दसऱ्याले हत्यार उपाशी ठेवू नाई. वरीसभर घराचं राखण करते, त्या दिवशी त्याच्या पोटात काईतरी पाह्यजे. तवा बारूद स्वस्त होती. आमी दसऱ्याले एक बार आभाळात सोडो अन् एक भरून ठेवो. आता सोडणं जमत नाई. पण रिकामी नळी देवापुढं पाह्यली का माणसाले कसंतरी वाटते. चिंधीबी नव्हती.

घनश्याम : म्हणजे काय, बाबा?

टिकाराम : म्हणजे काई नाई. जुनी रीत सांगितली.

घनश्याम : मंग जाऊ ना मी?

शकुनबाई : उंबऱ्याबाहेर पाय टाकलाच आहे तं जा. मी दार लावते.

टिकाराम : दार नको लावू. सूनबाई, पाणी आण.

शकुनबाई : प्याले का, मामाजी?

टिकाराम : लोटा भरून आण. दोन मापं आहेत आत.