आगबोटीखालचं पाणी

येरमाळ्याच्या स्टँडवर मी कळंबच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारबा आणि एक बाई बोलत होते.

"गजराबाई, तुमच्या गावात आगबोट आली म्हणं?"

"व्हय वैजनाथआण्णा. कोकणातली जुनी, माणसं न्यायची. ट्रेलरवर तुकडे आणून जोडले, रंग दिला. आता तिचं म्युझियम करणार हायेत."

"समुद्रातली बोट आपल्या माळावर?"

"म्युझियमचे साहेब म्हणले, जिथं समुद्र न्हाय तिथल्याच माणसाला तिचं नवल."

"ते बी खरंच."

"पर पाण्याबिगर ती बोटच वाटंना. मग भोवती खड्डा खणला, अन् आठ दिस गावाचे टँकर त्यात रिकामे केले."

"अन् तुमी?"

"आमी बघत बसलाव. मग निरोप आला, उद्घाटनाला समद्या बायांनी डोक्यावर कलश घेऊन स्वागताला यायचं."

"मग गेलाव का?"

"गेलाव की. एवढे कलश कुठले घरात? घागरी नेल्या. पाव्हणे चार तास उशिरा आले. तवर आमच्या पाच-सहा खेपा झाल्या."

"अरारा! अन् बोट?"

"बसली चिखलात. पाव्हण्यानी इचारलं, पाणी कुठंय? साहेब म्हणले, बुड रंगवायला काढलंय."

"मग?"

"पाव्हण्यानी टाळ्या वाजवल्या. म्हणले, पुन्हा भरा, पुढच्या सोमवारी परत येतो."

"म्हंजी टँकर परत तिकडंच! अन् तुमी कळंबला कशाला निघालाव?"

"आणखी दोन घागरी घ्यायला."