क्लचचा नवस

(सोनईजवळची वस्ती, सकाळची वेळ. अंगणात सत्तावीस वर्षांचा जुना ट्रक. स्टेअरिंगवर मालक सहादेव, खाली गॅरेजवाला मच्छिंद्र, ओट्यावर सहादेवची बायको छबूबाई.)

मच्छिंद्र: इंजिन बंदच राहू द्या, तात्या. आता टाका पहिला गियर.

सहादेव: पडला.

मच्छिंद्र: दुसरा?

सहादेव: दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स, समदे पडले. बंद गाडीत काय, कुनाचेबी पडत्यात.

मच्छिंद्र: म्हणजे गियरबॉक्स शाबूत. आता चालू करा. क्लच पार तळाला न्या आणि टाका.

सहादेव: ऐक! ऐकलंस? दात खातीया माझ्यावर.

छबूबाई: अवो बास करा! तिकडं म्हशीनं दावं तोडलं.

मच्छिंद्र: बंद गाडीत पडतो, चालू गाडीत करकरतो. म्हणजे पेडल दाबलं तरी क्लच इंजिनापासून पुरता सुटत नाही.

सहादेव: मी दुसरं काय सांगतोय? क्लच गेला. गाडी म्हातारी झाली. बाराच्या आत कोपरगावचा भंगारवाला येतोय, दिऊन टाकतो. तुला उगं तरास दिला.

छबूबाई: तरास यांनी न्हाई दिला, मच्छिंद्रा, मी फोन केला तुला. जेवताना निम्मं ध्यान त्या टायरांकडं असतंय या मानसाचं, आन म्हनं भंगारात देतो! दोन दिस झालं, भाकरीबी धड खाईना.

मच्छिंद्र: काकू, जरा थांबा. तात्या, पेडल हातानं दाबून बघतो... हे बघा, आधी इंचभर मोकळं जातंय. तेवढंच पाहिजे. पंधरा दिवसांपूर्वी मी क्लचचा रॉड सेट केला, तो जागचा हललेला नाही.

सहादेव: मंग प्लेट गेली आसंल.

मच्छिंद्र: उतरा खाली. चौथ्यात टाकला, हँडब्रेक ओढला, क्लच सोडला. झालं ना इंजिन जागेवर बंद? प्लेट घसरत असती तर ते तसंच भुरभुरत राहिलं असतं. प्लेट तरणीताठी आहे.

सहादेव: चालीवून दाव.

मच्छिंद्र: दाखवतो. काकू, कोंबड्या आवरा.

छबूबाई: ...आरं, गेला की गोठ्यापातूर! आन आवाज कुठं झाला? लोन्यात सुरी गेल्यावानी पडले समदे.

सहादेव: त्ये काय खरं न्हाई. डागदरापुढं पोराचा खोकला थांबतोय, तसं हाय त्ये. तुझा हात लागला की शहान्यावानी वागती. मी बसलो की भांडान.

मच्छिंद्र: बरं. मग हात तुमचा आणि पाय दुसऱ्याचा, असं करून बघू.

सहादेव: तुझा पाय नगं. तू मिस्त्री, कायतरी खुबी करशील.

मच्छिंद्र: मग ज्याला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही, असा पाय पाहिजे.

छबूबाई: म्हंजी माझा. सरळ नाव घ्या की.

सहादेव: ए बाई, तू नगं मधी...

छबूबाई: सरका तिकडं. सत्तावीस वर्सं तुमच्या शेजारी बसले, आता तुमी बसा माझ्या शेजारी. कंचं दाबू, मच्छिंद्रा? पाय पुरत न्हाई बग.

मच्छिंद्र: डावीकडचं. पुढं सरकून बसा. बाकीच्यांना पाय लावू नका. आणि नवऱ्यावरचा सगळा राग काढा त्याच्यावर.

छबूबाई: सगळा काढला तर पेडल खाली भुईत जाईल. ...दाबलं.

मच्छिंद्र: टाका तात्या, पहिला.

सहादेव: हां, टाकतोय.

मच्छिंद्र: पडला ना?

सहादेव: पडला.

मच्छिंद्र: काढा. दुसरा? रिव्हर्स? आवाज?

सहादेव: न्हाई आला.

मच्छिंद्र: आता डावा पाय दाखवा.

सहादेव: पायाचं काय? तू मिस्त्री हाईस का डागदर?

मच्छिंद्र: क्लचच्या अलीकडं एवढा एकच पार्ट बघायचा राहिलाय.

छबूबाई: दावा की. दावा म्हन्ते! ...अगं बया! तळवा हाय का रताळं? किती सुजलाय! अवो, बाभळीचा काटा हाय आत!

मच्छिंद्र: यानं क्लच अर्धासुद्धा दाबला जात नसेल. तात्या, वहाणा कुठायत तुमच्या?

सहादेव: छबे, सांगू नगंस.

छबूबाई: सांगनार. मच्छिंद्रा, तू रॉड नीट केलास ना, त्याच्या आदल्या दिशी यांनी मोहट्याच्या देवीला नवस बोलला. माज्या हातानं, माज्या पायानं गियर गुमान पडल्याबिगर पायात वहान घालनार न्हाई. दुसऱ्या दिशी तू गाडी नीट केलीस, पन चालीवली तूच. ह्ये नुसते शेजारी बसले. म्हन्ले, नवस आजून फिटला न्हाई, उद्या मी चालीवतो. आन सांच्याला कुंपनाकडं गेले अनवानी.

मच्छिंद्र: आणि काटा मोडला!

छबूबाई: मला म्हन्ले, ठेच लागली.

मच्छिंद्र: थांबा, मला नीट लावू द्या. गियर पडत नाही म्हणून वहाण नाही. वहाण नाही म्हणून काटा. काटा म्हणून क्लच अर्धा. क्लच अर्धा म्हणून गियर पडत नाही. तात्या, देवीनं तरी मधे कुठनं शिरायचं?

सहादेव: हसा. हसून घ्या.

मच्छिंद्र: हसू नको तर काय करू? गाडी भंगारात घालायला निघालात, आणि काटा काढला नाहीत!

सहादेव: कळत हुतं मला.

छबूबाई: काय कळत हुतं?

सहादेव: काटा हाय ह्ये. पयल्या दिसापासनं कळत हुतं.

छबूबाई: मंग?

सहादेव: काढला आसता, आन तरीबी गियर पडला नसता तर? मंग काय म्हनायचं? क्लच बरा, गाडी बरी, काटाबी न्हाई. मंग पायातला दमच गेला म्हनायचं ना. त्यापरीस म्हनलं, गाडीच म्हातारी झाली म्हनावं, आन द्यावी.

छबूबाई: अवो...

सहादेव: दुखत हुतं, तवर बरं हुतं.

छबूबाई: बसा या पायरीवर. मच्छिंद्रा, चुलीम्होरं हळदीचा डबा हाय, आन. सुई माझ्या पोलक्याला हाय.

मच्छिंद्र: माझ्याकडं चिमटा आहे, काकू.

छबूबाई: ग्रीसचा? ठिवून दे तुझ्यापाशी. ...हलू नका. आन ऐका. गियर न्हाई पडला, तर न्हाई पडला. मी हाय की क्लचला.

सहादेव: आई आई गं! हळू!

छबूबाई: निघाला. बगा केवढा! ह्यो घेऊन हिंडत हुता!

मच्छिंद्र: तात्या, हळद दाबून फडकं बांधा. आज पाय टेकवू नका, उद्या बघू.

सहादेव: उद्या कशाला? धर मला. चढीव.

छबूबाई: अवो, दम धरा की!

सहादेव: पंधरा दिस धरला. सोड.

मच्छिंद्र: चालू करा. सावकाश. पार तळाला... टाका.

छबूबाई: टाकला का न्हाई?

मच्छिंद्र: टाकला, काकू. पडलासुद्धा.

छबूबाई: मंग घाला आता वहाना.

सहादेव: थांब. रिव्हर्स ऱ्हायलाय. ...हां. आता कसं! मच्छिंद्रा, माजा फोन वाजतोय बग. घे.

मच्छिंद्र: भंगारवाला आहे. वेशीपाशी आलाय. विचारतोय, गाडीला नक्की काय झालंय?

सहादेव: त्याला म्हनावं, मिस्त्रीनं खोलून बघितलं, बिघाड मालकात निघाला. च्या पिऊन जा म्हनावं. छबे, चढ.

छबूबाई: आता कुठं?

सहादेव: जरा सोनईपातूर.

छबूबाई: तिकडं काय काम काढलंत?

सहादेव: काय न्हाई. चढ वर.