वर्षाला काढलं म्हणे

अहो, शेजारच्या वहिनी गॅलरीत फोनवर म्हणत होत्या, "आमच्या वर्षाला ट्रेनिंगमधून काढलं…" आणि पुढचं माझ्या कुकरच्या शिटीने खाल्लं. वर्षा सांवेर रोडच्या कारखान्यात नव्या कामगारांच्या ट्रेनिंगला असिस्टंट आहे. घर तिच्याच पगारावर चालतं. मी पोह्यांची प्लेट घेऊन पोचलेच.

पोरगी चपला न काढताच सोफ्यावर पडलेली.

"नोकरी गेली का गं?"

"नाही हो काकू. आज 'एकमेकांशी बोला, मिळून काम करा' हा क्लास होता. मला वाटलं, कामगारांना क्लासला यायला मनोज सांगेल. दुसरा असिस्टंट तो. त्याला वाटलं, मी सांगेन. साहेब आले, तर पूरा हॉल खाली, एक माणूस नाही!"

"मग त्याला विचारायचं ना!"

"आमचं बोलणं बंद आहे. पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडण झालं."

"मग काढलं म्हणजे काय?"

"शिकवण्यातून काढलं, नोकरीतून नाही. उद्या आधी तोच क्लास मी समोर बसून ऐकायचा."

"एकटीने?"

तिने डोळे मिटले. "मनोजबरोबर. एकाच पंख्याखाली."