बारा ते चार

“हॅलो?… हो, सावनीच. बोल मनस्विनी… थांब, पंखा बंद करते, त्याच्या आवाजात काही कळत नाही… हं, आता बोल.”

चिकलठाण्याच्या गोदामाची सावनी चार वर्षं इनचार्ज होती. मनस्विनी तिच्याबरोबरच कंपनीत लागलेली; आता पुण्याच्या मुख्य ऑफिसात बसून मराठवाड्यातली सगळी डिलिव्हरी बघायची. मैत्रीण आणि साहेब, दोन्ही. संपाचा आज तिसरा दिवस होता. आत पार्सलांचे ढीग लागले होते, आणि बाहेर कडुलिंबाखाली बेचाळीस रायडर पोती अंथरून बसले होते.

“हो, अकराशे… अगं, मोजलीयेत मी… नाही, औषधं त्यात नाहीत. औषधं गेली… कोणी म्हणजे? त्यांनीच नेली… हो, संपावरच आहेत. काल सकाळी पुंजाराम आत आला, म्हणाला, ‘मॅडम, इन्सुलिनची पार्सलं काढून द्या. लोकांच्या जिवाशी आमचं भांडण नाय.’ सहाला निघाले, दहाच्या आत वाटून परत येऊन बसले… पुंजाराम गं, बिडकीनचा. घरची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हापासून गाडीवर आहे… हो, तोच पुढारी.”

पलीकडून मनस्विनी भराभर बोलत राहिली. ती समोरच बसलेली असावी तशी सावनी मान हलवत होती. मग मध्येच थांबली.

“अगं ऐक ना… ऐक… नाशिकहून बसनं तीस माणसं? उद्या सकाळी?… आणि ती काय करणार इथं?… नकाशा! शहागंजात नकाशा चालत नाही बाई. तिथं पत्ता असतो, ‘घड्याळाच्या मागं, अत्तरवाल्याच्या बाजूचा जिना.’ बीड बायपासला तर इतक्या बिल्डिंगा उठल्यात की महिन्याला रस्ता बदलतो. दिवसभरात दोनशे पार्सलं देतील, बाकीची परत गोदामात… पोलीस कशाला? कुणी आवाजसुद्धा चढवलेला नाही. गेट उघडंच आहे. मी चहा पाठवला, तो मात्र घेतला नाही.”

“मागण्या?” सावनी म्हणाली. “दोनदा मेल केलीय मी… नाही, पगाराचं काहीच नाही. दुपारी बारा ते चार कुणाला बाहेर पाठवायचं नाही. जड माल असला तर दोघं जातील. आणि गोदामात प्यायचं पाणी… नाही, नाहीये. यंदा पाऊस झाला कुठं? नळाला दहाव्या दिवशी पाणी. माणसं घरून बाटली आणतात, ती अकराला संपते. त्रेचाळीसचं ऊन आहे इथं… बन्सी? घाटी दवाखान्यात आहे. काल डोळे उघडले. ओळखतो आता… बरं, सांगते.”

सोमवारी त्यांच्यातलाच बन्सी एक कूलर घेऊन बीड बायपासच्या नव्या बिल्डिंगीत गेला होता. लिफ्ट बंद, जायचं पाचव्या मजल्यावर. खाली वॉचमनकडं त्यानं पाणी मागितलं. टँकर आला नव्हता, वॉचमनची स्वतःचीच बाटली कोरडी होती. चौथ्या मजल्यापर्यंत तो चढला, कूलर नीट भिंतीला टेकवून ठेवला, आणि मग पडला.

“…हो ना. कूलरला ओरखडा नाही… त्याची आई आलीय वैजापूरहून, आवडाबाई. दवाखान्यात गेले तेव्हा मला वाटलं, शिव्या घालेल. तर बाकावर सरकून बसायला जागा केली मला.”

सावनीनं टेबलावरचा कागद पुढं ओढला.

“आहेस ना?… हं. आता माझं ऐक. सकाळी मी त्यांच्यात जाऊन बसले, दोन तास. ठरलंय असं: सकाळी सहा ते बारा, संध्याकाळी चार ते आठ. पुंजाराम म्हणाला, ‘सकाळच्या पारी लई काम व्हतं, मॅडम. दुपारी निम्मा येळ आमी सावलीच हुडकत फिरतो.’… मी तपासलं ना. खरंय. त्या चार तासांत दिवसाच्या मालाचा पाचवा हिस्साही जात नाही. लोक दारच उघडत नाहीत… पाण्याचे जार आजच सांगितलेत… कागद? झालाय… सही? केली.”

मनस्विनीचा आवाज इतका चढला की सावनीनं फोन कानापासून लांब धरला. पंखा बंद असल्यानं तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. आवाज उतरल्यावर तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

“झालं बोलून?… अधिकार नव्हता, मान्य… सांग त्यांना, सावनीनं न विचारता केलं… पुंजारामला काढणार असाल, तर त्याच कागदावर माझंही नाव घाल… धमकी नाही गं, सांगतेय. ती बस आली तर हे बेचाळीस परत येणार नाहीत, आणि मीही नाही… काय?… दोन महिने?… करून बघायचं म्हणून, बरं. चालेल… म्हणजे बस नाही ना?… नक्की?… आधी बोलायचं की तसं!”

ती खिडकीशी गेली आणि हात वर केला. लिंबाखाली पुंजाराम उठला, पँट झटकली, आणि मागं वळून काहीतरी बोलला. एकेक जण पोती गोळा करू लागला.

“हं, आहे मी… रिपोर्ट? आत्ताच?… बरं, विचार… तीन दिवस… बेचाळीस… मूळ कारण?”

सावनी खुर्चीत बसली. आत्तापर्यंत ती एका दमात बोलत होती. आता तिला घोटभर पाणी प्यावंसं वाटलं, पण टेबलावरची बाटली रिकामी होती.

“लिही. सोमवारी दुपारी दीड वाजता बन्सीनं इनचार्जला फोन केला. चक्कर येतीय, कूलर उद्या देऊ का, म्हणाला… ऐक तर. इनचार्ज म्हणाली, आजची तारीख आहे, देऊन ये… हो. मीच… नाही, तक्रार कुणी केलेली नाही. पण पुंजारामला ठाऊक आहे. चौकात तो बन्सीशेजारीच गाडी लावून उभा होता, फोन स्पीकरवर होता. तीन दिवस माझ्यासमोर बसलाय मनू, पण एकदाही तो विषय काढला नाही त्यानं… नको, नुसतं ‘उन्हामुळं’ नको लिहूस… नोकरीचं बघू पुढं… टारगेट तुझं होतं, ते लिही असं मी म्हणत नाहीये. ते तुझं तू बघ. माझं मात्र लिही.”

पलीकडं की-बोर्डचा आवाज सुरू झाला, थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“वाच… हं… हं… ‘आम्ही दिलेलं टारगेट’? ते तू घातलंस?… बरं. राहू दे. पाठव.”

बाहेर गाड्या सुरू होऊ लागल्या होत्या. पुंजाराम दारात येऊन उभा होता, पहिल्या फेरीची यादी न्यायला.

“ठेवते मी… हो, आलाय तो. त्याच्याशी बोलायचंय… काय बोलायचं ते अजून कळत नाहीये गं. ठेवते.”

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, “पुंजाराम, बसा.”