तक्रारीसाठी फोन

चांगला आला ना रिपोर्ट? मी म्हटलंच होतं जी तुमाले — त्या दिवशी साहेब तुमी भेसळ तपासाले मधाच्या बाटल्या सील करून नेल्या, तवाच म्हटलं का साखरेचा एक दाणा नाही सापडणार त्यात. बसा ना. कुठं चालले लगेच? फाइल ठेवा त्या टेबलावर. सही पायजे एक? देते ना जी, सही कुठं पळून चालली. पहिले पाहून तं घ्या — हे मधाची खोली. इथं चूल नाही, झोपणं नाही, खिडकीले जाळी, गाळायचा कपडा उकळून वाळवलेला, डबे सगळे स्टीलचे. तुमच्या नियमात जसं हाय तसं. दोन खोल्यांतली एक मधाले देल्ली — मी एकटीच तं हाय, मले एक कोपरा पुरते. अन् हे लेबल पहा, शहापूरच्या सेतू केंद्रातल्या कैलाशनं छापून देल्लं — सुमित्राबाई म्हणून माझं नाव, पत्ता, वजन, भरल्याची तारीख, लायसनचा चौदा आकडी नंबर, एक वर्षाखालच्या लेकराले देऊ नये. सगळं हाय. अन् सगळ्यात खाली — तक्रारीसाठी फोन.

त्या फोनचंच सांगते. कैलाश म्हणे, काकू, इथं नंबर लागते, नियम हाय, कोणाचा टाकू? म्हटलं, आता कोणाचा टाकतं बाप्पा, हे तं गेले — माश्यांच्या पेट्या ह्यांनीच आणल्या होत्या, सहा होत्या, मी अकरा केल्या — टाक माझाच. मले काय माहीत पुढं काय होते ते! उन्हाळाभर हायवेवर टेबल लावून मध विकला, एक फोन नाही. पोरगी रेणू रायपूरले हाय, रविवारी करते, 'जेवली का माय' म्हणते, मी 'हो' म्हणते, का तिच्या कुकरची शिट्टी होते न् ठेवून देते. बिचारी तरी काय करन, तिचा संसार हाय. बाकी सहा दिवस माह्या फोनवर कोण? रिचार्ज संपला सांगणारी बाई.

अन् मंग थंडी पडली. मध गोठला — गोठतेच जी, जवसाचा, मोहरीचा मध तुपावाणी रवाळ होते, खरा हाय म्हणूनच होते. तुमाले माहीत हाय, मले माहीत हाय, घेणाऱ्याले कुठं माहीत? त्याले वाटते साखर ओतली बुढीनं. फोन चालू झाले! पहिला एक तुमसरचा माणूस — काय काय बोलला! चोर म्हणे, फसवलं म्हणे, पोलिसात जातो म्हणे. मी ऐकत राहिली. त्याचं बोलून झाल्यावर म्हटलं, भाऊ, कोमट पाण्यात ठेवा बाटली, उकळत्यात नका ठेवू, तासाभरानं पहा. तासाभरानं त्यानंच केला — 'काकू, माफ करा.' मंग विचारे का माश्या चावत नाही का तुमाले. म्हटलं, चावतात ना, आपल्याच हायेत म्हणून काय झालं! हासला तो. त्याच्या गाईचं निघालं, भावाच्या लग्नाचं निघालं... त्या दिवशी भाजी करपली माही, पण मले काही वाटलं नाही.

आं? हो, ऐकलं मी, तुमी आल्याआल्याच सांगितलं — लेबलवर एक ओळ टाका, थंडीत मध गोठतो, भेसळ नाही, कोमट पाण्यात ठेवा. का मंग तक्रारी बंद. सही त्यालेच पायजे ना? समजते जी मले. फोन चालू झाल्यावर नवे लेबल छापताना कैलाशनंही म्हटलं होतं, जागा ठेवली होती त्यानं. मीच नको म्हटलं. अक्षरं बारीक होतात म्हटलं त्याले — नाही, अक्षरांचं काही नव्हतं. आता तुमच्यापासून काय लपवू, तुमी तं पोरावाणी. ओळ टाकली तं फोन कोण करन मले? लोक शिव्या देतात, देऊ द्या, शिवीनंतर माणूस बोलते तं खरं. हे गेल्यापासून कधी कधी असं होते का दुपारी तोंड उघडलं तं आवाजच फुटत नाही, सकाळपासून बोललेलीच नसते मी. एकटं वाटते जी. खूप एकटं वाटते.

पण सगळेच एकदा करून विसरत नाहीत हं. जवाहरनगरले साधना हाय एक — क्वार्टरमध्ये राहते, नवरा फॅक्टरीत, बदलीवर नवीनच आले, तिचंही इथं कोणी नाही. तिनंही पहिला फोन रागानंच केला होता. मंग बोललो तं पाऊण घंटा! काकू, तुमचा आवाज आमच्या आईसारखा हाय म्हणे. असं कोणी म्हटलं तं माणूस कसं सोडन? मंग मीच करते तिले. सकाळी एकदा, नवरा ड्युटीवर गेला का. संध्याकाळी एकदा, डबा धुतला का नाही विचारते, असंच. संक्रांतीले लाडू पाठवले फॅक्टरीच्या बसवाल्याजवळ. पोहोचले का नाही देव जाणे — आठ दिवस झाले, उचलत नाही. कामात असन. का तब्येत बिघडली असन? काल पाच-सहादा लावला मी. तुमी त्याच रस्त्यानं जाता ना जी, जरा पाहून —

बरं, आणा, सही करते, तुमाले उशीर होते. इथं? का ह्या दुसऱ्या कागदावर? राहू द्या, राहू द्या, वाचता येते मले, सातवी शिकली हाव मी. 'सदर मधात भेसळ असल्याचा संशय आहे... तसेच विक्रेती महिला दिवसातून अनेकदा फोन करून... त्रास देते... कृपया तिला समज द्यावी.' खाली नाव... सौ. साधना... जवाहरनगर.

नाही जी. काही नाही झालं. तुमी कायले घाबरता, तुमची काय चूक.

ते ओळीचं म्हणत होते ना तुमी — लिहा. तुमीच लिहून द्या, मी कैलाशले नेऊन देते आजच. मोठ्या अक्षरात लिहा. अजून मोठ्या. आंधळ्यालेही दिसलं पायजे. अन् खालचा नंबर — तो काढता येत नाही ना? नियम हाय. हं. राहू द्या मंग.

झाली सही. उचला फाइल. जा आता तुमी, मले पेट्या पाहाच्या हायेत.