फर्स्ट कॉपी आणि उन्मेषभाऊंचा हट्ट

आदरणीय अध्यक्ष शोभाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती उन्मेषभाऊ आणि नागपूर मिहानच्या या गोदामातील समस्त सहकारी मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार. मला भाषणाची सवय नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझे यजमान जितेंद्र सांभाळायचे. मागच्या वर्षी ते गेले. आज त्यांचंच एक राहिलेलं काम करायला मी उभी आहे.

तुमच्या इथली रीत सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त होणाऱ्याला घड्याळ द्यायचं आणि ते त्याच्या सगळ्यात जवळच्या सोबत्याने मनगटावर बांधायचं. उन्मेषभाऊंना घड्याळ बांधायचा मान त्यांचे जिवलग मित्र म्हणून ह्यांनी केव्हाच स्वतःकडे राखून ठेवला होता.

आता घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर सांगते. ह्यांनी मोबाइलवर एका भारी विदेशी घड्याळाची नक्कल पाहिली. 'फर्स्ट कॉपी' म्हणतात तिला. उन्मेषभाऊ तेव्हा सक्करदऱ्याला आमच्याकडे चहा घेत होते. म्हणाले, "काहून फसून राहिला गा? त्या लोकायले कार्डाचा नंबर देऊ नको."

हे म्हणाले, "असली घडी आपल्याले या जन्मात भेटते का? हातावर कशी दिसते, तेवढं तरी पाहू दे."

दिला नंबर. घड्याळ यायच्या आधी त्या कार्डावर कुणीतरी परगावी बूट घेतले. बँकेने कार्ड बंद केलं. ती वेबसाइटही गायब झाली. आम्ही आशा सोडली, आणि मग पार्सल आलं.

काय सांगू, दिसायला राजबिंडं! आत आणखी तीन छोट्या तबकड्या. भाऊंनी चष्मा लावून पाहिलं. "जितू, हे लहान काटे हलूनच नाही राहिले." हलणार कसे? ते छापलेले होते. हे म्हणाले, "त्यायले कंपनीनं आधीच रिटायर केलं."

थोड्याच दिवसांत मनगटावर हिरवा डाग उमटला. हात धुताना काचेच्या आत वाफ धरली. तरी प्रत्येक लग्नात तेच घड्याळ. कुणी वाखाणलं की मान ताठ. पण चहा येईपर्यंतही गुपित टिकायचं नाही. स्वतःच सांगायचे, "नकली आहे जी. पण आवडली ना?" तरुण मंडळींनो, हौस मला समजते. पण अनोळखी ठिकाणी कार्डाचा नंबर देऊ नका, आणि नकलीला असली म्हणून मिरवू नका.

गेल्या आठवड्यात उन्मेषभाऊ घरी आले. "वहिनी, ऑफिसची नवी घडी चांगलीच असंल. पण मले जितूची बांधा." मी चहा ठेवला.

ते घड्याळ माझ्या उशाशी असतं. पट्टा अजून ह्यांच्या मनगटाच्या आकारात वाकलेला आहे. द्यायचं की नाही, हे आज सकाळपर्यंत ठरत नव्हतं. मग वाटलं, ज्या माणसाने ते एक दिवसही कपाटात ठेवलं नाही, त्याचं घड्याळ मी झाकून कशाला ठेवू? येताना नवीन सेल टाकून आणलं आहे.

भाऊ, हात पुढे करा. तुमच्या हाताला पट्ट्याचं एक भोक पुढचं लागेल. आणि हात धुताना काढून ठेवत जा.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. घड्याळ रोज थोडं मागे पडेल, तेही.