साहेबांचा मुक्काम

...नाही, पण मला सांगा, प्रवासी काय आकाशातून पडणार? नऊ वर्षं, तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं मी त्या रेल्वेच्या कचेरीत अर्ज घेऊन जातोय, चपला झिजल्या, अर्ज टाइप करून देणारा म्हातारा झाला, आणि साहेब नखं कापत, मान वर न करता, नाकातून विचारणार, "गाडी वाढवू हो... पण प्रवासी कुठेत?"

अहो, दिवसाला एकच गाडी! अकराला येते, धापा टाकते, वीस मिनिटांत शहराकडे परत. आणि शहरातल्या दवाखान्यात पायाचे व्यायाम रोज सकाळी नऊला. मग आमची ही जाणार कशी? राहिली तिकडेच, बहिणीकडे. आठ महिने झाले! आधी मी गावासाठी भांडत होतो, आता स्वतःसाठी भांडतोय, भांडी घासताना सुद्धा भांडतोय. आणि म्हणे प्रवासी कुठेत? मेहुणीकडे पाय पसरून बसलाय ना प्रवासी!

शेवटी म्हटलं, थांब लेका, दाखवतोच तुला. आमच्या प्रवासी समितीतर्फे साहेबांचा सत्कार ठरवला. पत्रात लिहिलं, आपण आपल्याच गाडीने यावं, फोटोवाला स्टेशनवर हजर राहील. आला की हो! मांडव तिकीटखिडकीला लागूनच, म्हणजे कसं, "दहा मिनिटांचं काम, साहेब." आता आमच्या समितीची रीत अशी, की मंचावर बसला त्याने दोन शब्द बोलायचेच. मंचावर मी तेरा जण बसवले! पहिला शिंपी उठला, तो थेट स्वतःच्या जन्मापासून निघाला... भाषणात शिंपी शाळेच्या दुसरीत पोचला तोच गाडीने शिटी दिली. साहेब अर्धे उठले. मी खांद्यावर हात ठेवून हलकेच खाली बसवलं, म्हटलं, सत्कारमूर्तीने असं मधेच उठायचं नसतं. गेली! डब्यामागून डबा, त्यांच्या डोळ्यांदेखत! इतका आनंद मला माझ्या लग्नात नाही झाला.

साहेब म्हणाले, आता दुसरी गाडी? मी खिशातून नेलकटर काढलं, आणि नखाकडे बघत म्हटलं, "वाढवू हो... पण प्रवासी कुठेत?"

मोटार मागवली असती म्हणता? साहेबांचा ड्रायव्हर रजेवर! ती चौकशी मी आधीच केली होती. मुक्काम माझ्याकडे. भाजी मुद्दाम करपवली, ढेकणांची खाट निवडून दिली. पण हिची रिकामी कॉट दाखवताना मीच तिची चादर सारखी करत बसलो हो... साहेबही विरघळले. म्हणाले, काहीतरी करतोच.

महिन्याभराने हुकूम आला, सहीशिक्क्यासकट. समिती नाचायचीच बाकी! उघडून वाचतो, "एकच गाडी असल्याने प्रवाशांना मुक्काम करावा लागतो, ही गैरसोय गंभीर आहे. सबब, स्थानकावर मुक्कामासाठी खोली मंजूर." खोली! पंख्यासकट!

हिला फोन केला. हुकूम वाचून दाखवला. मग म्हणाली, "त्यांना परत बोलवा. या खेपेला आठ महिने ठेवून घ्या."

ठेवले असते हो... पण खोलीच्या उद्घाटनाला साहेब आले ते मोटारीने.